मधपेटीतील साखर

हिमाचल प्रदेशातील कुल्लूचे खोरे आपल्यापैकी पुष्कळांनी सहलीच्या निमित्ताने पाहिले असेल; पण ते बहुधा उन्हाळ्यात. डिसेंबरच्या अखेरीस तेथील सफरचंदाच्या बागा निष्पर्ण झालेल्या असतात, वरच्या गावांवर बर्फ उतरलेले असते आणि बागेच्या कडेला ओळीने मांडलेल्या मधपेट्यांभोवती एकही माशी उडताना दिसत नाही. अशा दिवसांत एखादा मधपाळ दुपारच्या कोवळ्या उन्हात पेटीचे झाकण क्षणभर उचलतो, चौकटींच्या माथ्यावर साखरेची घट्ट वडी ठेवतो, वर पोत्याचा तुकडा पांघरतो आणि लगबगीने झाकण लावून टाकतो. पाहणाऱ्याच्या मनात सहज येते, केवढा हा दयाळू मनुष्य! मुक्या जिवांना थंडीत अन्न देतो.

वाचकहो, मलाही प्रथम असेच वाटले. पुढे या व्यवसायाविषयी थोडे अधिक समजून घेतल्यावर एक साधा प्रश्न मनात उभा राहिला आणि तो अद्याप गेलेला नाही. त्या पेटीतील माश्यांनी हिवाळ्यासाठी म्हणून मध साठवला होता. तो मध आज आपल्या न्याहारीच्या मेजावर काचेच्या बरणीत आहे. मग पेटीत ठेवलेली ही साखर दान समजावी की देणे? प्रश्न माश्यांचा आहे, म्हणून तो क्षुल्लक मानू नये अशी माझी विनंती आहे. तो कोठवर पोहोचतो ते पुढे आपण पाहणारच आहोत.

प्रथम मधमाशीचा हिवाळा कसा असतो हे समजून घेतले पाहिजे. मुंग्या, बेडूक, अस्वले यांच्याप्रमाणे मधमाशीही थंडीत निद्रिस्त होत असेल अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. बाहेरचे तापमान चौदा-पंधरा अंशांच्या खाली गेले की पेटीतील माश्या पोळ्यांच्या मधोमध एकमेकींना बिलगून एक गोळा करतात. या गोळ्याच्या आत राणी असते. माश्या आपल्या छातीतील उडण्याचे स्नायू पंख न हलवता थरथरवतात आणि त्या थरथरीतून ऊब निर्माण होते. बाहेर बर्फ असले तरी गोळ्याच्या गाभ्यात वीस अंशांहून अधिक ऊब असते. वर्षारंभी राणी पुन्हा अंडी घालू लागली की ती पस्तीस अंशांच्या जवळ न्यावी लागते. कडेच्या माश्या गारठू लागल्या म्हणजे हळूहळू आत शिरतात. हे सारे अंधारात, महिनोन्महिने चालते. उन्हाळ्यात जेमतेम सहा आठवडे जगणारी कामकरी माशी शरदात जन्मली तर सहा महिनेही जगते. तिचे शरीरच अधिक चरबी साठवणारे घडलेले असते. नर माश्यांना मात्र शरदातच घराबाहेर काढले जाते, कारण खाणारी तोंडे पोसणे परवडणारे नसते. हे कठोर वाटते खरे. पण माशीचे नीतिशास्त्र आपण तिच्यावर सोडून देऊ.

या थरथरीला इंधन लागते आणि मध हेच ते इंधन होय. इंग्लंडसारख्या देशात एका वसाहतीला हिवाळा काढण्यास साधारणपणे अठरा-वीस किलो साठा हवा असे मधपाळ धरतात. अधिक थंड प्रदेशांत तो आणखी लागतो. एक माशी आपल्या साऱ्या आयुष्यात चहाच्या चमच्याचा जेमतेम बारावा हिस्सा मध तयार करते हे ध्यानात घेतले म्हणजे वीस किलोंचा अर्थ कळतो. आणखी एक गोष्ट अशी की ज्या माश्यांनी हा साठा केला, त्यांतील बहुतेक तो खाण्यास जिवंत नसतात. आपण पाहणार नाही अशा हिवाळ्यासाठी त्या राबलेल्या असतात.

महाराष्ट्रातील व कोकणातील वाचकास हा हिवाळा परका वाटेल. आपल्या सातेरी माशीचा उपासमारीचा काळ थंडीत नसून पावसाळ्यात येतो. महाबळेश्वरच्या डोंगरावर जून ते सप्टेंबर पावसाची झड लागते, माशीला बाहेर पडता येत नाही, फुलांतील मकरंद धुऊन जातो. तेव्हा तेथील मधपाळ पेटीत साखरेचा पाक ठेवतात. ऋतू निराळा असला तरी हिशेब तोच आहे.

आता पाक देण्याची रीत पाहा. ती मला मोठी बोधप्रद वाटते. शरदात द्यायचा पाक घट्ट असतो. दोन किलो साखरेला सुमारे एक लिटर पाणी असे त्याचे प्रमाण असते, कारण पातळ पाकातील पाणी आटवण्यातच माशीची शक्ती खर्ची पडते. कडाक्याची थंडी पडल्यावर पाक देऊन उपयोग नाही. गारठलेली माशी तो उचलू शकत नाही आणि पेटीत ओल मात्र वाढते. म्हणून तेव्हा कोरडी वडी द्यावी लागते. साखर शुभ्र हवी. आपल्याला वाटेल, गूळ अधिक पौष्टिक! परंतु गुळातील क्षार व इतर द्रव्ये माशीला पचत नाहीत. माशी घरात घाण करीत नाही; उबदार दिवस उगवून बाहेर उडता येईपर्यंत ती पोटातील मळ आठवडेच्या आठवडे धरून ठेवते. गूळ खाल्ला तर तिला ते साधत नाही, हगवण लागते आणि सारी पेटी नासते. देणाऱ्याच्या मनातील पौष्टिकपणा घेणाऱ्याच्या पोटाला मानवेलच असे नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे पाक उघड्यावर ठेवायचा नाही. तसे केले तर बलवान पेट्यांतील माश्या त्यावर तुटून पडतात, ज्यांच्यासाठी तो ठेवला त्या दुर्बल वसाहतीच्या वाट्याला थेंबही येत नाही. उलट वासाने चेकाळलेल्या माश्या त्या दुर्बल पेटीत घुसून तिचा उरलासुरला मधही लुटून नेतात. म्हणून पाक संध्याकाळी, पेटीच्या आत, एक थेंबही न सांडता द्यायचा आणि दार लहान करायचे. आत ठेवतानाही तो गोळ्याच्या अगदी निकट ठेवायचा. पुष्कळदा असे घडते की दीर्घ थंडीत माश्यांचा गोळा एका जागी खिळून राहतो, त्याच्याजवळचे मधाचे घर संपते आणि दोन-तीन बोटांच्या अंतरावर भरलेले पोळे असूनही तेथवर जाण्याची उष्णता त्यांच्यात उरत नाही. वसंतात झाकण उघडावे तर रिकाम्या घरांत डोकी खुपसून मेलेल्या माश्यांची रांग दिसते आणि शेजारी मध तसाच असतो. पेटीत अन्न होते, हे त्या मधपाळाचे म्हणणे खरे असते.

असो. मुळात हा पाक का द्यावा लागतो, या प्रश्नाकडे वळू. कधी कधी त्याचे कारण मधपाळाच्या हातून घडलेले नसते. ऐन फुलोऱ्यात पाऊस लागतो, वसाहत उशिरा फुटून लहान राहते, साठा होतच नाही. तेथे मधपाळाने काहीही घेतलेले नसते. आपल्या खिशातून तो साखर आणतो आणि त्या जिवांना वाचवतो. हे निर्भेळ दान होय आणि त्याची थोरवी मी कमी लेखणार नाही. परंतु पुष्कळ वेळा कारण निराळे असते. मध महाग आहे व साखर स्वस्त आहे. शरदात मधकोठीतील मध काढून झाल्यावर खालच्या कोठीतील, म्हणजे माश्यांच्या स्वतःच्या साठ्याच्या चौकटीही यंत्रात फिरवल्या जातात आणि त्यांची जागा पाकाने भरून काढली जाते. पुढे हिवाळ्यात हाच मधपाळ अभिमानाने सांगतो की मी माझ्या माश्यांना उपाशी ठेवत नाही.

या अदलाबदलीत तोटा कोणाचा, हाही प्रश्न आहे. साखरेने ऊब मिळते हे खरे. पण २०१३ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले की परागांतून मधात उतरणारे एक द्रव्य माशीच्या शरीरातील विषनिवारणाची यंत्रणा जागी करते, आणि हे द्रव्य साखरेत नाही. न्यायासाठी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोहरीसारख्या पिकाचा मध पोळ्यातच लवकर थिजतो व थंडीत तो खाण्यास माशीला पाणी लागते. काही मधांत क्षार इतके असतात की हिवाळ्यात त्यांच्यापेक्षा शुभ्र साखर बरी. अनोळखी पेटीतला मध दिला तर त्यातून पिलांचा घातक रोगही पसरू शकतो. तेव्हा साखर देणारा प्रत्येक मधपाळ लबाड असतो असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. माझा आक्षेप साखरेवर नाही. तिला आपण कोणत्या खात्यावर लिहितो, यावर आहे.

आणि मध घेणे हेच पाप, असेही मला म्हणावयाचे नाही. मधपाळ पेटी देतो, वारा-पावसापासून व शत्रूंपासून वसाहत राखतो, फुलोऱ्याच्या मागे पेट्या घेऊन रात्री-अपरात्री प्रवास करतो. हिमाचलातील कित्येक जण हिवाळ्यात पेट्या ट्रकमध्ये घालून पंजाब, राजस्थानच्या मोहरीच्या शेतांत उतरतात. चांगल्या ऋतूत माशी गरजेहून पुष्कळ अधिक साठवते. त्या अधिकावर राखणाऱ्याचा हक्क आहे. दुधामधाच्या देशाचे अभिवचन ज्या देवाने दिले, त्याने मध निषिद्ध मानलेला नाही.

या विषयाचा इतिहास धर्मसेवकांच्या हातून घडला आहे, हे आपल्या वाचकांस कळावे. जुन्या युरोपात गवताच्या वळ्यांनी विणलेल्या टोपल्यांत माश्या पाळत. मध काढायचा तर टोपली फोडल्यावाचून गत्यंतर नसे. म्हणून शरदात मालक प्रत्येक टोपली उचलून वजनाचा अंदाज घेई. सर्वांत जड टोपल्या, कारण त्यांत मध अधिक, आणि सर्वांत हलक्या, कारण त्या हिवाळा काढणार नाहीत, अशा दोन्ही तो निवडी. खड्ड्यात गंधक पेटवून त्यावर त्या ठेवी व आतील सारी वसाहत मारून टाकी. मधल्या वजनाच्या तेवढ्या उरत. उत्तम राबणारी आणि दुबळी अशा दोघींना एकच शिक्षा! कित्येक सज्जन, प्रार्थनाशील शेतकऱ्यांनी हे पिढ्यानपिढ्या केले आणि रविवारी ते मंदिरात गेले.

१८५१ साली अमेरिकेतील लॅंगस्ट्रॉथ नावाच्या एका पाळकांच्या ध्यानात आले की दोन पोळ्यांमध्ये सुमारे तीन अष्टमांश इंच जागा सोडली तर माश्या ती बुजवत नाहीत. या एका निरीक्षणावर त्यांनी सुट्या चौकटींची पेटी बेतली. पुढच्या वर्षी तिचा हक्कही नोंदवला. आता माशी न मारता मध काढता येऊ लागला. (त्यांच्या शोधावर इतरांनी पैसा केला, त्यांच्या पदरी फारसे काही पडले नाही. मधाच्या व्यवसायात माशीच तेवढी लुटली जाते असे नाही.) आपल्या देशात १९११ ते १९१७ या काळात दक्षिणेतील त्रिचनापल्ली येथे फादर न्यूटन यांनी सातेरीच्या मानाने लहान पेटी तयार केली व अनेकांना ही विद्या शिकवली. ही सारी कृपेची कामे होत. तरी एक गोष्ट लक्षात येते. चौकट सुटी झाल्यामुळे थोडे घेणे जसे शक्य झाले, तसेच माशी जिवंत ठेवून सगळे घेणेही शक्य झाले. गंधकाच्या खड्ड्याजवळ उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपण काय करीत आहोत हे निदान दिसत तरी होते. पाकाची वाटी हातात असलेल्याला ते दिसत नाही.

पवित्र शास्त्राकडे वळलो तर माशीला खाऊ घालण्याविषयी तेथे आज्ञा नाही. पण घेणाऱ्या हाताविषयी मात्र पुष्कळ आहे. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात पक्ष्याच्या घरट्याविषयी एक लहानशी आज्ञा आहे: वाटेत घरटे सापडले तर पिले घेण्यास हरकत नाही, मात्र आईला सोडून द्यावे. घेण्यास मनाई नाही. किती घ्यावे याला सीमा आहे. त्याच ग्रंथात मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये असे सांगितले आहे. ज्या धान्यासाठी तो राबतो त्यातच त्याचे तोंड मोकळे असावे. पौलाने करिंथकरांस लिहिताना, देवाला बैलांची काळजी आहे काय, असे विचारून ही आज्ञा सुवार्तेसाठी कष्टणाऱ्या माणसांना लावली. काही भाष्यकार यावरून बैलाला वाऱ्यावर सोडतात. मला ते पटत नाही. बैलाच्या बाबतीत हे खरे नसते, तर पौलाला ते माणसाला लावताच आले नसते.

लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायातील आज्ञा आपण उपदेशातून अनेकदा ऐकली आहे: कापणी करताना शेताचे कोपरे कापू नयेत, सरवा वेचू नये, ते गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी सोडावे. या आज्ञेची वेळ पाहा. शेतमालकाने सगळे पीक घरी नेऊन, कोठार भरून, मग दारात आलेल्या विधवेला मूठभर घालावे, असे येथे सांगितलेले नाही. विळा हातात असतानाच त्याने थांबावयाचे आहे. रूथ बवाजाच्या शेतात शिरली ती भीक मागण्यास गेली नव्हती. तिचा वाटा शेतात उभा होता. मधपाळाच्या भाषेत सांगायचे तर प्रश्न डिसेंबरातील वडीचा नाही. तो ऑक्टोबरातील शेवटच्या चौकटीचा आहे.

आणि जक्कय! लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायातील त्याचे ते एकच वाक्य आपण घाईने वाचतो. त्यात दोन निरनिराळे हिशेब आहेत. अर्धे द्रव्य तो दरिद्र्यांस देतो. ते दान आहे. ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना तो चौपट परत करतो; ती परतफेड आहे. त्याने दोन्ही एकत्र करून, मी आता फार दानशूर झालो, असे म्हटले नाही. जकातदार असल्यामुळे असेल, त्याला खाती वेगळी ठेवणे समजत होते.

चौथ्या शतकातील मिलानचे बिशप संत अॅम्ब्रोस यांना पाश्चात्त्य मंडळी मधपाळांचे आश्रयदाते संत मानते. पाळण्यात असताना त्यांच्या ओठांवर माश्यांचा थवा बसला आणि इजा न करता उडून गेला अशी आख्यायिका आहे. त्यांची चित्रे माश्यांच्या पोळ्यासह काढतात. त्याच अॅम्ब्रोसांनी नाबोथाच्या द्राक्षमळ्यावर लिहिताना आपल्या काळच्या धनिकांना सुनावले की गरिबाला तुम्ही देता ते तुमच्या मालकीचे नसून त्याचेच त्याला परत करीत असता. मधाच्या संतानेच हे सांगितले असावे, याचे मला राहून राहून नवल वाटते.

आता आपल्या समाजाकडे येऊ. आपल्यापैकी कित्येकांच्या घराण्यात दुष्काळाची आठवण आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात नगर, सोलापूरकडील गावे ओस पडली, तेव्हा मिशनच्या अंगणात शिजलेले अन्न आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी खाल्ले. १८९६-९७ आणि १९०० साली पंडिता रमाबाईंनी शेकडो मुलींना केडगावी आणून जगवले. पोटासाठी बाटले, हा टोमणा आपल्या वाडवडिलांनी उभ्या आयुष्यात ऐकला आणि आपणही शरमेने मान खाली घातली. परंतु त्याच वर्षांत या देशातून धान्य जहाजांत भरून बाहेर जात होते, आणि सरकारी दुष्काळी कामांवर १८७७ साली पुरुषाची रोजी एक पौंड धान्य व वर एक आणा इतकी खाली आणली गेली होती. रमाबाईंनी कोणाचे कोठार रिकामे केले नव्हते. त्यांचे अन्न हे दान. सरकारची ती एक पौंडाची रोजी मात्र, ज्यांचे कोठार आधीच उपसले होते त्यांना दिलेला पाक होता. आणि त्यालाही सरकारदफ्तरी दुष्काळ-निवारण असेच नाव होते. खाणाऱ्यांना लाज वाटली. उपसणाऱ्यांना वाटल्याचे ऐकिवात नाही.

हे जुने झाले म्हणावे, तर पेटीतील ती साखरच पाहा. माशीला ती परवडते कारण ती स्वस्त आहे. बीड-नगरकडील ऊसतोड कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल अंगावर घेऊन कारखान्यांच्या फडांत उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि टनामागे पैसे मिळतात. पोरे पाचटाच्या खोपीत वाढतात. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात, शेते कापणाऱ्यांची अडवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे असे लिहिले आहे. मधाच्या बरणीपासून निघालेला हिशेब पाहता पाहता उसाच्या फडात जाऊन पोहोचतो, आणि तो तेथेच थांबेल याचीही शाश्वती नाही. आपल्या ख्रिस्ती संस्थांतही तुटपुंज्या पगारावर वर्षानुवर्षे हंगामी राहिलेले लोक आहेत, ज्यांना नाताळच्या कार्यक्रमात व्यासपीठावर बोलावून भेटवस्तू दिली जाते व टाळ्या वाजतात. नावे घेण्याची गरज नाही. आपापल्या गावची उदाहरणे वाचकांना ठाऊक असतील.

दुसऱ्यांविषयी एवढे लिहून मी हात झटकले तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. आमच्या घरी धुणीभांडी करण्यास एक बाई आठ वर्षे येत आहेत. दर नाताळला आम्ही त्यांना लुगडे, करंज्या-केकचा डबा आणि मुलांसाठी काही रक्कम देत आलो. माझ्या पत्नीला व मला त्यात मनापासून आनंद होत असे. प्रभूच्या जन्मदिनी कोणाच्या तरी घरी गोड गेले, हे समाधान होते. मागील नाताळात डबा घेताना त्या म्हणाल्या, "बाई, लुगडी चार घडीचीच पडून आहेत. यंदा त्याऐवजी महिन्याचे दोनशे वाढवता का?" बोलण्यात तक्रार नव्हती. पत्नीने माझ्याकडे पाहिले. आठ वर्षांत आम्ही पगार एकदाच वाढवला होता, हे तेव्हा आम्हा दोघांनाही एकदम आठवले. त्याच काळात दुधाचा, गॅसचा, माझ्या स्वतःच्या निवृत्तिवेतनाचा आकडा कितीदा बदलला, ते मात्र वहीत टिपलेले होते.

त्या रात्री मी माझ्या मनाची समजूत अनेक प्रकारे घालून पाहिली. आमच्या गल्लीत हाच दर आहे; त्यांनीच आधी मागावयास हवे होते; आपण त्यांच्या मुलीच्या आजारपणात मदत केली होती. प्रत्येक समर्थन खरे होते. पेटीत अन्न होते, हेही खरेच असते. दर वर्षाच्या अखेरीस आम्ही जे मोठ्या मनाने देत होतो ते बाराही महिने थोडे थोडे रोखून धरलेले होते. वर कृतज्ञतेची अपेक्षा आम्ही केली, आणि ती आम्हाला मिळतही होती. मला सर्वांत अधिक टोचली ती हीच गोष्ट. माशी निदान आभार मानत नाही.

जानेवारीपासून पगार वाढवला, दोनशेच्या जागी पाचशेंनी. दर वर्षी तो किती वाढावा तेही वहीच्या पहिल्या पानावर लिहिले, म्हणजे पुन्हा त्यांना मागावे लागू नये. पत्नी म्हणाली, नाताळचा डबा मात्र बंद करायचा नाही. तो आता खरोखरच डबा होईल. तिचे म्हणणे मला पटले. राहता राहिला मागील आठ वर्षांचा हिशेब. एका संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, पहिल्या तीन वर्षांपर्यंत आकडे मांडले, बेरीज अपेक्षेपेक्षा मोठी होऊ लागली तेव्हा चष्मा काढून ठेवला. तो कागद अजून टेबलाच्या खणात आहे.